विंची गावचे संग्रहालय

विंची येथील संग्रहालय लिओनार्दोच्या नावाचे आहे. परंतु त्याच्या कायमच्या संग्रहात लिओनार्दोच्या हातचे एकही चित्र नाही, त्याच्या वह्यांतील एक पानदेखील नाही. त्याने स्वतः घडविलेले यंत्र तर जगात कोठेच उरलेले नाही. मग या संग्रहालयात आहे तरी काय? आहेत ती लाकडाची यंत्रे. पंख, कप्प्या, दात्यांची चाके, मळसूत्रे, माग, तोफा. ही सारी लिओनार्दोच्या मृत्यूनंतर चार शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, त्याच्या रेखाटनांवरून दुसऱ्यांनी बनविलेली आहेत. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे घर अशी आपली समजूत असते. येथे मांडलेल्या वस्तूंपैकी पुष्कळशा पूर्वी कधी अस्तित्वात आल्या होत्या की नाही, याचाही पुरावा नाही. तरी देशोदेशींचे लोक आडवाटेने त्या लहानशा गावी जातात आणि घटकाभर त्या लाकडी चाकांपुढे उभे राहतात. अशा या संग्रहालयाची हकीगत ऐकण्यासारखी आहे.

विंची हे गाव इटलीच्या तस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्सच्या पश्चिमेस, मोंताल्बानो नावाच्या डोंगराच्या उतारावर वसलेले आहे. आजूबाजूच्या वाड्यावस्त्या धरूनही लोकसंख्या चौदा-पंधरा हजारांची. भोवती ऑलिव्हच्या बागा आणि द्राक्षांचे मळे. खालच्या खोऱ्यातून येणाऱ्याला प्रथम दिसतो तो टेकाडावरचा दगडी किल्ला. लांबट बांधणी आणि मधोमध उभा असलेला उंच बुरूज यांमुळे तो दुरून डोलकाठी उभारलेल्या जहाजासारखा भासतो. लोक त्याला जहाजाचा किल्ला असेच म्हणतात. ग्विदी घराण्यातील सरदारांचे हे ठाणे १२५४ साली फ्लॉरेन्सच्या अंमलाखाली गेले. टोपल्या विणण्यास उपयोगी पडणाऱ्या वाळुंजाच्या जातीच्या झुडपांवरून गावाला विंची हे नाव पडले, असे सांगतात. लिओनार्दोला गुंतागुंतीच्या गाठींची नक्षी काढण्याचा नाद होता. त्या विणीत तो आपल्या गावाचे नावच गुंफीत होता, असे काही अभ्यासकांचे म्हणणे. म्हणोत बापडे! गाठ सुंदर आहे एवढे मात्र खरे.

लिओनार्दोचे घराणे लेखणीवर जगणारे होते. खरेदीखते, मृत्युपत्रे, करारनामे लिहून ते प्रमाणित करणे, हा नोटरीचा व्यवसाय त्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. आपल्याकडील कुलकर्ण्यांच्या किंवा चिटणिसांच्या वाड्यात दप्तरे जपली जात, तशीच ती त्यांच्याकडेही जपली जात असत. आजोबा आंतोनिओ यांनी स्वतः तो धंदा केला नाही; पण टिपण ठेवण्याची सवय घराण्याची. घरातील एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर या ऐंशीच्या घरातील वृद्धाने नोंद केली की, १४५२ सालच्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस, शनिवारी, रात्रीच्या तिसऱ्या तासाला आपल्याला नातू झाला. तो आपला मुलगा सेर पिएरो याचा मुलगा असून त्याचे नाव लिओनार्दो ठेवले आहे. त्या काळी तेथे तास सूर्यास्तापासून मोजीत. तेव्हा हा जन्म आजच्या घड्याळाने रात्री दहाच्या सुमाराचा धरावयास हरकत नाही. पुढे बाप्तिस्मा देणाऱ्या धर्मगुरूचे नाव आहे, आणि त्या प्रसंगी हजर असलेल्या दहा स्त्रीपुरुषांची नावे आहेत. एवढ्या काटेकोर नोंदीत एकच नाव नाही. ते म्हणजे मुलाच्या आईचे.

ते नाव आढळते पाच वर्षांनंतर, आणि तेही सरकारी करपत्रात. फ्लॉरेन्सच्या राज्यात घरात खाणारी तोंडे किती यावर करात सूट मिळत असे. १४५७ साली आंतोनिओ यांनी घरातली तोंडे मोजून दिली, त्यांत पाच वर्षांचा लिओनार्दो आहे. सेर पिएरोचा, पण औरस नव्हे. आई कातेरिना, जी आता दुसऱ्या एका माणसाची बायको आहे. सूट मिळावी म्हणून लिहिलेली ही ओळ नसती, तर आईचे नाव आजोबांच्या कागदांतून आपल्याला कळलेच नसते. ही कातेरिना कोण, हा वाद आजही चालू आहे. २०१७ साली मार्टिन केम्प आणि ज्युझेप्पे पल्लांती या अभ्यासकांनी ती गावाजवळची एक गरीब पोरकी मुलगी होती, असे मत मांडले. २०२३ मध्ये कार्लो वेच्चे यांनी दुसराच कागद पुढे ठेवला. १४५२ सालच्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्समध्ये कातेरिना नावाच्या एका गुलाम सर्केशियन स्त्रीला मुक्त केल्याचा तो दस्तऐवज, आणि तो लिहिणारा नोटरी खुद्द सेर पिएरो! कागद अस्सल आहे. परंतु त्यातील कातेरिना ती हीच, हे शेवटी अनुमान आहे. आणि अनुमानाला प्रमाण मानण्याची घाई करू नये.

जन्माच्या घराचीही अशीच गोष्ट. गावापासून सुमारे तीन किलोमीटरांवर आंकियानो नावाची वाडी आहे. तेथील एका साध्या दगडी घरात लिओनार्दो जन्मला असे परंपरा सांगते, आणि जन्माला ५०० वर्षे झाली त्या १९५२ साली ते घर दुरुस्त करून लोकांसाठी खुले करण्यात आले. पण आजोबांच्या टिपणात घराचा उल्लेख नाही. त्यातल्या त्यात भरवशाची वस्तू म्हणजे किल्ल्याजवळच्या सांता क्रोचे या चर्चमधील बाप्तिस्म्याचे दगडी पात्र. याच पात्राशी त्या बालकाचा बाप्तिस्मा झाला असे मानले जाते.

औरस नसल्यामुळे मुलाला नोटरींच्या संघात प्रवेश मिळणे शक्य नव्हते. बापाचा धंदा बंद झाला, म्हणून तो फ्लॉरेन्समध्ये वेरोक्यो या शिल्पकार-चित्रकाराच्या कारखान्यात हातकाम शिकावयास गेला. कायद्याचा तो अडसर नसता तर विंचीच्या दप्तरात आणखी एका सुवाच्य अक्षराच्या नोटरीची भर पडली असती, आणि हे संग्रहालय उभारण्याचे कोणास सुचलेही नसते!

मोठेपणी लिओनार्दोने जे लिहिले आणि रेखाटले, त्यातील काहीच या गावी आले नाही. १५१९ साली फ्रान्समध्ये मरताना त्याने सारे कागद फ्रांचेस्को मेल्त्सी या शिष्याच्या स्वाधीन केले. शिष्याने ते जिवापाड जपले. पण १५७० च्या सुमारास तो वारल्यावर त्याच्या वारसांनी ते माळ्यावर टाकले. पुढे पोम्पेओ लिओनी या शिल्पकाराने हाती लागलेली पाने कापून, चिकटवून त्यांची मोठाली बाडे बांधली. त्यांपैकी ‘आत्लांतिको’ नावाचे सर्वांत मोठे बाड १६३७ साली मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयाला मिळाले. १७९६ मध्ये नेपोलियनने तेथील लिओनार्दोचे कागद पॅरिसला नेले; १८१५ नंतर मोठे बाड परत आले, लहान वह्या मात्र पॅरिसलाच राहिल्या. काही पाने विंडसरच्या राजवाड्यात आहेत, काही लंडनला. दोन वह्या माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हरवल्यासारख्या पडून होत्या, त्या १९६५ साली पुन्हा सापडल्या. एक वही १९९४ मध्ये बिल गेट्स यांनी तीन कोटी डॉलरांहून अधिक किंमत देऊन विकत घेतली. असल्या बाजारात विंचीच्या नगरपालिकेने काय बोली लावावी?

गावाकडे नाव तेवढे उरले होते. १९१९ साली, लिओनार्दोच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली त्या वर्षी, ज्या उमराव घराण्याकडे किल्ला होता त्याने तो नगरपालिकेला दान दिला. १९२८ मध्ये गावात लिओनार्दोविषयीच्या पुस्तकांचे ग्रंथालय निघाले. गुस्ताव्हो उझिएल्ली या विद्वानाने आयुष्यभर जमविलेले ग्रंथ हा त्याचा पाया. मूळ कागद मिळत नाहीत, तर त्यांच्या हुबेहूब छापील प्रती तरी एके ठिकाणी जमवाव्यात, ही या ग्रंथालयाची दृष्टी. आणि ती अत्यंत शहाणपणाची होती. लिओनार्दोच्या चहूकडे पांगलेल्या वह्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सोय त्याच्या जन्मगावी झाली.

संग्रहालयाची कथा मात्र गावाबाहेर, आणि काहीशा वेगळ्याच हेतूने सुरू झाली. १९३९ साली मिलानमध्ये ‘लिओनार्दो आणि इटालियन शोध’ या विषयावर एक प्रचंड प्रदर्शन भरले. मुसोलिनीची राजवट होती. इटालियन बुद्धीने सर्व काही आधीच शोधून ठेवले आहे, हे जगाला दाखविण्याची राज्यकर्त्यांना हौस होती, आणि त्या कामी लिओनार्दोइतका सोयीचा पूर्वज दुसरा कोण सापडणार? त्याच्या रेखाटनांवरून मोठमोठे लाकडी नमुने तयार करण्यात आले. योगायोग असा की, आजोबांची ती जन्माची नोंद एमिल म्यॉलर या जर्मन संशोधकाने प्रसिद्ध केली तीही त्याच वर्षी. एकीकडे साम्राज्याच्या दिमाखात उभी केलेली यंत्रे, तर दुसरीकडे एका म्हाताऱ्याची चार ओळींची नोंद. दोन्ही एकाच माणसाविषयी.

प्रदर्शनातील नमुने पुढे न्यूयॉर्कला गेले आणि तेथून जपानात. तेथे महायुद्धाच्या धुमश्चक्रीत ते नष्ट झाले. परंतु ते बनविणाऱ्यांपैकी एक कारागीर, रोबेर्तो ग्वातेल्ली, यांना हा विषय सोडवेना. त्यांनी अमेरिकेत नव्याने नमुने घडविण्यास आरंभ केला. १९५१ साली आय. बी. एम. या गणकयंत्रांच्या कंपनीने त्यांचा संग्रह घेतला, त्यांना कामावर ठेवले आणि ते नमुने गावोगाव फिरविले. यंत्रांच्या व्यापाऱ्याला यंत्रांचा पूर्वपुरुष हवासा वाटला, यात नवल नाही. कसेही असो, कंपनीने नमुन्यांचा एक संच विंचीला भेट दिला, आणि १९५३ साली पाचशेव्या जयंतीच्या उत्सवाची सांगता म्हणून तो किल्ल्यात मांडून संग्रहालय उघडण्यात आले. बापाचे नाव पुरते न मिळालेल्या पोराच्या गावाला त्याची यंत्रे अशी समुद्रापलीकडून मिळाली.

आता या नमुन्यांच्या मुळाशी असलेली अडचण पाहावी. लिओनार्दोचे रेखाटन पुष्कळदा तळहाताएवढे असते. कडेला उजवीकडून डावीकडे, आरशात पाहिल्यासारख्या उलट्या अक्षरांत काही ओळी असतात. चाकाला दाते किती, सांध्यात खिळा की पाचर, यंत्राची उंची हातभर की पुरुषभर, हे तो नेहमी सांगतोच असे नाही. त्याला ते सांगण्याची गरजही नव्हती. तो स्वतःशी विचार करीत होता. नमुना बनविणाऱ्याला मात्र प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणे भाग असते. कागदावर रेघ अर्धवट सोडता येते, लाकडात ती सोडता येत नाही. मग गुळगुळीत तासलेले, पितळी खिळ्यांनी सजलेले यंत्र समोर उभे राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की लिओनार्दोने हे असेच केले होते.

स्वयंचलित गाडीचे उदाहरण घ्यावे. ‘आत्लांतिको’ बाडातील, १४७८ च्या सुमाराच्या या रेखाटनात वरच्या बाजूस धनुष्यासारख्या दोन मोठ्या कमानी स्पष्ट दिसतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ज्यांनी नमुने बनविले, त्यांनी त्या कमानींच्या जोरावरच गाडी चालते असे धरले. गाडी दिसे झोकदार, पण चालत नसे. पुढे कार्लो पेद्रेत्ती आणि मार्क रोशाइम यांनी ते पान पुन्हा वाचले. त्यांच्या ध्यानात आले की, गाडीला ढकलणारा जोर घड्याळासारख्या गुंडाळलेल्या कमानींचा असून त्या खालच्या डब्यांत लपलेल्या आहेत. वर दिसणाऱ्या कमानींचे काम केवळ गती आवरण्याचे. २००४ साली फ्लॉरेन्सच्या विज्ञान-इतिहास संग्रहालयाने या वाचनाप्रमाणे गाडी बांधली, आणि ती चालली. म्हणजे पन्नास वर्षे चूक लिओनार्दोची नव्हती, वाचणाऱ्यांची होती.

कधी चूक त्याचीच असते, निदान तशी दिसते. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या चिलखती गाडीच्या रेखाटनात दांडे फिरविले तर पुढची चाके एका दिशेने आणि मागची उलट दिशेने फिरतील. गाडी जागच्या जागी अडेल. शत्रूच्या हाती कागद पडला तर उपयोग होऊ नये म्हणून त्याने मुद्दाम तसे केले, असा खुलासा भाविक लोक करतात. तो खरा असेलही. पण मोठ्या माणसाची प्रत्येक चूक मुद्दामच केलेली असते असे मानू लागल्यास इतिहास लिहिण्याची गरजच उरत नाही.

सर्वांत बोधप्रद प्रसंग खुद्द ग्वातेल्लींचा. माद्रिदच्या वह्या सापडल्यावर त्यांतील एका पानावर त्यांना एकमेकांत गुंतलेली तेरा चाके दिसली. ‘आत्लांतिको’मधील अशाच एका आकृतीची त्यांना आठवण होतीच. दोन्ही मिळून हे बेरीज करणारे गणकयंत्रच आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९६८ साली त्यांनी ते बांधले. कंपनीने ते प्रदर्शनात मांडले. मग अभ्यासकांनी हरकत घेतली. येथे प्रत्येक चाक पुढच्या चाकाला दहापट गती देते. तेव्हा हा भार आणि गती यांच्या प्रमाणाचा दाखला असावा, बेरजेचे यंत्र नव्हे. शिवाय घर्षणामुळे ते फिरणारच नाही. अखेर ते यंत्र प्रदर्शनातून काढून घेण्यात आले. ग्वातेल्ली लबाड नव्हते. त्यांनी आयुष्यभर लिओनार्दोच्या रेघांवरून बोट फिरविले होते. त्यामुळेच कदाचित, जे पाहावयाचे होते ते त्यांना दिसले. त्याच ‘आत्लांतिको’ बाडात दुरुस्तीच्या वेळी उघड झालेले आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेले सायकलचे चित्र तर कोणी अर्वाचीन हाताने काढलेले आहे, असेच आज बहुतेक जाणकार समजतात. पेद्रेत्ती यांनी १९६१ साली ते पान प्रकाशासमोर धरून पाहिले होते, तेव्हा त्यांना काही वर्तुळे तेवढी दिसली होती.

इमारतीच्या यारींची गोष्ट याहून निराळी आहे. लिओनार्दोच्या पानांवरील काही भव्य याऱ्या बराच काळ त्याच्या स्वतःच्या कल्पना समजल्या जात. वस्तुतः त्या ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाच्या. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चचा घुमट त्याने अशाच यंत्रांच्या साह्याने उभा केला. १४७१ साली त्या घुमटाच्या शिखरावर तांब्याचा प्रचंड गोळा बसविण्यात आला. तो वेरोक्योच्या कारखान्यात तयार झाला होता, आणि तरुण लिओनार्दो तेथे उमेदवारी करीत होता. डोळ्यांसमोर चाललेले यंत्र त्याने वहीत उतरवून घेतले, इतकेच. शोध त्याचा नव्हता, म्हणून त्याचे महत्त्व उणे होत नाही. उलट, या मुलाची शाळा कोणती, ते येथे दिसते.

विंचीच्या संग्रहालयाने हे सर्व धडे हळूहळू गिरविले आहेत. २००४ पासून किल्ल्याजवळच्या उझिएल्ली वाड्यात नवी दालने निघाली. तेथे बांधकामाची, कापड विणण्याची व घड्याळांची यंत्रे आहेत. यारींच्या जवळ ब्रुनेलेस्कीचे नाव प्रामाणिकपणे दिलेले आहे. नमुन्यांबरोबर मूळ रेखाटनाची प्रतिमा आणि लिओनार्दोच्या टिपणाचा मजकूर असतो. कागदावरची आकृती पडद्यावर हलताना दाखविण्याचीही सोय आहे. त्यामुळे पाहणाऱ्याला कागद आणि लाकूड ताडून पाहता येते. १९६० पासून दर वर्षी एप्रिलमध्ये, जयंतीच्या सुमारास, ग्रंथालय एखाद्या विद्वानाचे व्याख्यान ठेवते. नमुन्यांविषयीच्या भाबडेपणाला या विद्याव्यासंगाचा चांगलाच लगाम बसला आहे. ग्वातेल्लींचे जुने नमुने टाकून द्यावेत असे मात्र कोणी म्हणू नये. ते लिओनार्दोचे नसले तरी विसाव्या शतकाचे अस्सल अवशेष आहेत. शिवाय दात्यात दाता कसा अडकतो, हे शाळकरी मुलाला छापील आकृतीवरून जितके कळते त्याहून ते समोरच्या चाकावरून अधिक कळते.

लिओनार्दोचा गावाशी संबंध लहानपणीच तुटला, असे नाही. आजोबांच्या त्याच करपत्रात काही न करता गावीच राहणारा म्हणून ज्याची नोंद आहे, त्या फ्रांचेस्को काकाने मरताना आपली जमीन या पुतण्याला ठेवली. बापाच्या मिळकतीतून लिओनार्दोला काही मिळाले नव्हते. आता काकाच्या इस्टेटीवरून सावत्र भावांनी त्याच्याशी दावा मांडला. त्या वेळी तो पन्नाशी ओलांडलेला, राजेरजवाड्यांनी बोलावून घ्यावा असा कलावंत होता. तरी वारशाच्या त्या तुकड्यासाठी त्याने चिवटपणे भांडण चालविले. विंचीजवळच्या दोच्चा येथील गिरणीचा उल्लेख त्याच्या एका पानावर आहे, आणि पाण्याच्या जोरावर रंग कसे कुटावेत याचा विचारही त्याच पानावर आहे. गावची गिरणी आणि चित्रकाराचे रंग एका कागदावर यावेत, याहून चांगला दुवा कोणता?

एक दुवा याहूनही जुना आहे. ५ ऑगस्ट १४७३ या दिवशी, बर्फाच्या मेरीमातेच्या सणाला, एकवीस वर्षांच्या लिओनार्दोने शाईने एक देखावा काढला. डावीकडे टेकाडावर तटबंदीचे गाव, उजवीकडे कड्यावरून कोसळणारे पाणी, मध्ये दूरवर पसरत गेलेली खोऱ्यातील सपाटी. ज्यावर तारीख आहे असे त्याचे हे सर्वांत जुने चित्र. ते नेमके कोणत्या जागेवरून काढले याविषयी मतभेद आहेत. तरी त्यातील डोंगर आणि खोरे त्याच्या बालपणीच्या मुलखातील आहेत असे पुष्कळांना वाटते. हा कागद फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात असतो. २०१९ साली, लिओनार्दोच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली तेव्हा, १५ एप्रिलला विंचीच्या किल्ल्यात प्रदर्शन उघडले आणि उफिझीने तो कागद त्यासाठी उसना दिला. प्रदर्शन ऑक्टोबरपर्यंत चालले. परंतु जुन्या शाईला आणि कागदाला उजेड फार काळ सोसत नाही, म्हणून तो कागद काही आठवडेच ठेवून परत पाठविण्यात आला. त्याच्या जागी त्याची प्रतिमा लागली. लाकडी यंत्रे पाहून झाल्यावर जिना चढून बुरुजाच्या माथ्यावर गेले की सभोवती मोंताल्बानोच्या टेकड्या आणि खाली पसरत जाणारे ते खोरे अजूनही दिसते.